लोकवर्गणीतून टॅब घ्यावेत की पुस्तके? जिल्हा परिषद शाळेच्या वाचनालयाविषयी विचारणा

प्रश्न : प्राथमिक शिक्षिका, बीड जिल्हा

सर्वांना नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीच्या जोडवर्गाला शिकवते. यंदा गावकऱ्यांनी शाळेसाठी लोकवर्गणी काढली असून सुमारे ६०,००० रुपये जमा झाले आहेत. शेजारच्या गावातील शाळा ‘डिजिटल’ झाल्यापासून तिचे पंचक्रोशीत नाव झाले, म्हणून या रकमेतून टॅब घ्यावेत असे शाळा व्यवस्थापन समितीतील बहुतेक सदस्यांचे म्हणणे आहे. माझा कल पुस्तकांकडे आहे. परंतु नुसता कल घेऊन समितीपुढे उभे राहणे मला योग्य वाटत नाही, त्यामागे पटतील अशी कारणे हवीत.

आमचे वाचनालय म्हणजे कार्यालयातील एक लोखंडी कपाट. समग्र शिक्षा या शासकीय शालेय योजनेतून आलेली पुस्तके त्यात आहेत आणि त्यांतील काही गठ्ठ्यांची सुतळीही सुटलेली नाही. दाखल नोंदवही अगदी व्यवस्थित भरलेली आहे, देवघेव नोंदवही मात्र जवळपास कोरी आहे. वर्गातील निम्म्याहून अधिक मुले सोपा परिच्छेद अडखळत वाचतात आणि काही जण जोडाक्षर आले की थांबतात. त्यातच दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांबरोबर काही मुले कारखान्याच्या भागात जातात आणि परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. तोवर जे थोडेफार वाचता येत होते तेही मागे पडलेले असते.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. वाचनालय आणि तंत्रज्ञान यांची सांगड कशी घालावी, म्हणजे मूल खरोखर वाचू लागेल, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : ग्रंथपाल, तालुक्याचे ‘अ’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालय

नमस्कार बाई. आपण देवघेव नोंदवही कोरी असल्याचे लिहिले आहे आणि माझ्या मते विचाराला तेथूनच सुरुवात व्हायला हवी. ज्या शाळेत आज असलेली पुस्तके मुलांच्या हातात जात नाहीत, त्या शाळेत टॅबही कपाटातच जातील. किंबहुना ते महाग असल्यामुळे अधिक लवकर जातील. कपाटाला कुलूप लागते ते शिक्षकांच्या अनास्थेमुळे, असे म्हणणे अन्यायाचे आहे. पुस्तक हरवले किंवा फाटले तर तपासणीच्या वेळी उत्तर कोण देणार, ही भीती त्यामागे असते. त्यामुळे पैसे खर्च करण्यापूर्वी समितीच्या सभेत एक ठराव करून घ्यावा : वापरामुळे पुस्तके झिजतील, काही हरवतील, ही बाब समितीला मान्य आहे आणि अशा पुस्तकांचे दरवर्षी रीतसर निर्लेखन केले जाईल, म्हणजे ती नोंदीतून कमी केली जातील. हा एक कागद हातात असला की कपाट उघडण्याचा धीर येतो.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. समग्र शिक्षामध्ये शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. म्हणजे पुस्तक खरेदीसाठी निदान एक वाट अस्तित्वात आहे. लोकवर्गणी वारंवार येत नाही, म्हणून तिचा पैसा अनुदानातून सहसा होत नाही अशा गोष्टींवर अधिक लावावा : मुलांच्या उंचीच्या उघड्या मांडण्या, बसायला सतरंजी, फाटलेल्या पुस्तकांची बांधणी आणि छपाई.

दुसरी गोष्ट आपल्या तालुक्यातील सार्वजनिक ग्रंथालयाची. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे आणि त्याखालील मान्यताप्राप्त ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात. ‘अ’ वर्ग ग्रंथालयाकडे बालविभाग असतो, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून आलेली पुस्तकेही असतात आणि खरे सांगायचे तर बालविभागात येणाऱ्या मुलांची वाट आम्ही पाहत असतो. मुख्याध्यापकांच्या पत्रावर शाळेला पुस्तकांची पेटी ठरावीक मुदतीने द्यावी आणि बदलून घ्यावी, अशी विनंती आपण करून पाहावी. आपल्या ६०,००० रुपयांतील एक रुपयाही खर्च न होता मुलांसमोर नवी पुस्तके येत राहतील.

आता तंत्रज्ञान. ग्रंथालयांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली आहे, न्यूझीलंडमध्ये २००० साली वापरात आलेली ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली आहे आणि मोठ्या ग्रंथालयांना त्या उपयुक्त आहेत. चारशे-पाचशे पुस्तकांच्या शाळेला मात्र मोबाइलवरची साधी तक्ता-फाइल पुरते. पुस्तकाचा दाखल क्रमांक, नाव, काठिण्यपातळी, कोणी नेले, कधी परत आले, एवढे रकाने पुरेत. आणि नोंद पाचवी ते सातवीच्या मुलांनीच करावी. या नोंदीतून जे दिसते ते कागदी नोंदवहीत सहसा नजरेस पडत नाही. आमच्या बालविभागाची यादी ‘किती वेळा नेले’ या रकान्यानुसार लावली, तेव्हा थोरांची जाडजूड चरित्रे तळाला आणि प्राण्यांची पातळ चित्रपुस्तके अगदी वर आली. त्यानंतरची खरेदी आम्ही त्या यादीकडे पाहून केली. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे सूत्र प्रत्यक्षात आणायचे तर कोणते पुस्तक कोणाकडेच जात नाही, हे आधी कळले पाहिजे.

पुस्तकांवर रंगीत पट्ट्याही लावाव्यात. ‘रूम टू रीड’ ही संस्था हिरवा, लाल, नारिंगी, पांढरा, निळा, पिवळा या चढत्या क्रमाने पुस्तकांच्या पातळ्या दाखवते. आपण तीनच रंग घेतले तरी चालेल. अडखळत वाचणाऱ्या मुलाला स्वतःला पेलणारे पुस्तक कोणाला न विचारता उचलता आले पाहिजे, एवढाच त्याचा हेतू आहे.

उत्तर २ : साधनव्यक्ती, गटसाधन केंद्र, नाशिक जिल्हा

ग्रंथपाल सरांनी कपाटाविषयी जे लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मी मुलाच्या बाजूने काही मुद्दे जोडू इच्छिते.

खरेदीच्या आधी प्रत्येक मूल नेमके कोठे आहे, ते पाहावे. ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात २००५ पासून वापरली जाणारी पद्धत यासाठी सोपी आहे : अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. एकेका मुलाला शेजारी बसवून वाचायला सांगायचे, एवढेच करायचे असते. देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण ‘असर’नुसार २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, करोनाकाळानंतर २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आले आणि २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांपर्यंत सावरले. म्हणजे आपल्या वर्गाचे चित्र अपवादात्मक नाही, आणि ते बदलू शकते हेही या आकड्यांतून दिसते. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचता यावेत, असे उद्दिष्ट ठेवले आहे. समितीपुढे बोलताना ‘आपल्या गावातील इतकी मुले गोष्ट वाचतात, इतकी शब्दांवर थांबतात’ अशी यादी ठेवली, तर चर्चा वस्तूंवरून मुलांकडे वळते.

नुसती साधने वाटल्याने वाचन सुधारते का, याची परीक्षा जगात झालेली आहे. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ (प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप) या उपक्रमाची भारतातील पहिली शाळा आपल्याच रायगड जिल्ह्यातील खैरात येथील होती आणि ते काम २००७ मध्ये सुरू झाले. हाच उपक्रम पेरू देशाने फार मोठ्या प्रमाणावर राबवला. तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांचा संगणकाशी संबंध पुष्कळ वाढल्याचे आढळले, परंतु गणित आणि भाषा या विषयांतील गुणांवर परिणाम दिसून आला नाही. समितीतील सदस्यांना हे अवश्य सांगावे, आणि सांगताना टॅब निरुपयोगी असतो असा सूर मात्र लावू नये; कारण तो निष्कर्ष त्या अभ्यासातून निघत नाही. साधनाभोवती वाचनाचा तास, योग्य मजकूर आणि लक्ष देणारे मोठे माणूस नसेल तर साधन एकटे काही करत नाही, असा मी त्याचा अर्थ घेते.

वर्गात काय घडते ते जवळून पाहावे. वाचता न येणाऱ्या मुलाच्या हाती बोलक्या गोष्टींचा टॅब दिला, की ते प्रथम ध्वनीचे बटण शोधते. गोष्ट ऐकू येऊ लागली की त्याची नजर चित्रावर जाते, अक्षरांवरून ती नुसती घसरत जाते आणि पान संपण्याआधीच बोट पुढच्या पानाकडे सरकते. मूल आनंदात असते, शांत असते, आणि वाचत मात्र नसते. हेच मूल, आपण त्याच्या शेजारी बसून ‘आता आवाज बंद कर आणि ही ओळ तू मला वाचून दाखव’ असे म्हटल्यावर बोट परत ओळीखाली आणते, ‘घ’ आणि ‘ध’ यांत चाचपडते, चित्राकडे पाहून अंदाज करते, पुन्हा अक्षराकडे येते. वाचनाचे खरे काम या दुसऱ्या प्रसंगात होते. म्हणून पाच-सहा मुलांच्या गटाला एक टॅब आणि त्या गटाजवळ एक मोठे माणूस किंवा चांगले वाचणारे सातवीचे मूल, अशी रचना मला एकेका मुलाला टॅब देण्यापेक्षा अधिक फलदायी वाटते.

उपयोगी पडतील अशी साधने सांगते. ‘रीड अलाँग’ हे गूगलचे साधन २०१९ मध्ये भारतात ‘बोलो’ या नावाने आले. त्यात मूल मोठ्याने वाचते, साधन ते ऐकते आणि चुकलेला शब्द दाखवते. ज्या मुलाला सर्वांसमोर वाचण्याची लाज वाटते, त्याच्या सरावासाठी ते चांगले आहे. मात्र गोंगाट असलेल्या वर्गात आणि गावाकडच्या उच्चारांपुढे असे साधन गोंधळू शकते, तेव्हा त्याने दिलेल्या तारकांना मूल्यमापन समजू नये.

‘प्रथम बुक्स’चे ‘स्टोरीवीव्हर’ हे मुक्त व्यासपीठ मला सर्वांत मोलाचे वाटते. ते २०१५ मध्ये जागतिक साक्षरता दिनी, ८ सप्टेंबरला, सुरू झाले. त्यावरील गोष्टी चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत, मराठीत पुष्कळ आहेत, आणि त्यांचा मुक्त परवाना श्रेयनिर्देशासह छापण्याची मोकळीक देतो. म्हणजे इंटरनेट एखाद्या दिवशी मिळाले तरी पुरे. गोष्टी उतरवून घ्याव्यात आणि छापाव्यात. ए-फोर कागदाच्या दोन्ही बाजूंना पुस्तिकेच्या मांडणीने छापले तर सोळा पानांची गोष्ट चार कागदांत बसते. मधोमध घडी घालून दोन टाचण्या मारल्या की पुस्तिका तयार. एकच गोष्ट सहा मुलांना एकाच वेळी हवी असेल, तर विकतच्या पुस्तकाच्या सहा प्रती घेणे परवडत नाही. येथे ते सहज होते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य खुले केले आहेत. चौथीपासून पुढच्या मुलांसाठी तो खजिना आहे, त्याचा आपण फार कमी उपयोग करतो असे मला सतत वाटते.

शाळेत दूरचित्रवाणी संच असेल तर आणखी एक सोपा उपाय आहे. गाण्याचे शब्द त्याच भाषेत पडद्याखाली, गाण्याबरोबर रंग बदलत दाखवण्याची कल्पना १९९६ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था, अहमदाबाद येथे ब्रिज कोठारी यांनी पुढे आणली. मुलांना कविता पाठ असते. पाठ असलेले शब्द डोळ्यांसमोर आले की अक्षरओळख नकळत पक्की होते. पाठ्यपुस्तकातील कविता मोठ्या अक्षरांत पडद्यावर ठेवून, कांडी फिरवत म्हणून घेतली तरी तोच लाभ मिळतो.

रकमेबाबत माझे मत स्पष्ट आहे. दोन मध्यम प्रतीचे टॅब, शाईची टाकी असलेला एक रंगीत प्रिंटर, कागद व शाईसाठी वर्षभराची तरतूद, उघड्या मांडण्या आणि उरलेल्या पैशांत पातळी पाहून निवडलेली पुस्तके. दर स्थानिक पातळीवर तपासून घ्यावेत, पण एकूण रकमेत हे बसायला हरकत नसावी. समितीला टॅब दिसतील, तुम्हाला पुस्तके मिळतील, आणि प्रिंटर या दोहोंना जोडील.

उत्तर ३ : सहशिक्षक, धारणी, मेळघाट

एक छोटी भर घालतो. आमच्याकडील मुले घरी कोरकू बोलतात. पहिलीत येणाऱ्या मुलाला मराठी गोष्टीतील अक्षरे ओळखता आली तरी अर्थ लागत नाही, आणि अर्थ न लागता वाचलेले त्याच्याजवळ राहत नाही. स्टोरीवीव्हरवर कोरकूतही गोष्टी आहेत. त्या आम्ही मराठी गोष्टीशेजारी ठेवून वाचतो. बाजारात कोरकू भाषेतील बालपुस्तक मिळणे किती कठीण आहे, हे येथील शिक्षकच जाणतात. पडद्याचे खरे मोल आम्हाला येथे समजले. बीडच्या बाईंच्या वर्गात बंजारा तांड्यावरील मुले असतील तर त्यांच्या आजीकडून गोरमाटीतील गोष्टी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात आणि मुलांनीच त्या मराठीत लिहून काढाव्यात. अशी हस्तलिखिते आमच्या वाचनालयात सर्वांत जास्त मागितली जातात.

पुढील प्रश्न : प्राथमिक शिक्षिका, बीड जिल्हा

सर्वांचे मनापासून आभार. ठरावाची आणि प्रिंटरची कल्पना मला फार आवडली. मुख्याध्यापकांशी बोलले असून पुढच्या सभेत वाचनपातळीची यादी मी स्वतः मांडणार आहे. तांड्यावरील मुले माझ्या वर्गात आहेतच, त्यामुळे धारणीच्या सरांची सूचनाही लगेच अमलात आणता येईल.

एक प्रश्न मात्र उरतोच. जी मुले सहा महिने गावात नसतात, त्यांच्यासाठी वाचनालयाने काय करावे? काही मुले हंगामी वसतिगृहाच्या सोयीमुळे आजी-आजोबांकडे राहतात, पण लहान भावंड सांभाळायला म्हणून मुलींना बहुधा नेलेच जाते. पालकांच्या टोळीत एखाद्या-दुसऱ्याकडे स्मार्टफोन असतो. त्यावर गोष्टी पाठवाव्यात का?

उत्तर ४ : शिक्षक, साखर कारखाना परिसर, सांगली जिल्हा

बाई, आपल्याकडून निघालेली मुले आमच्या भागात येतात, म्हणून मी दुसऱ्या टोकाकडून लिहितो. मूल निघताना आपण शिक्षण हमी पत्रक, म्हणजे नव्या गावातील शाळेत दाखवायचे पत्रक, देता. त्याच्यासोबत छापलेल्या पुस्तिकांचा एक छोटा संच कापडी पिशवीत द्यावा आणि पत्रकावरच त्या मुलाची वाचनपातळी एका ओळीत लिहावी : ‘शब्द वाचते, परिच्छेद अजून नाही’. अशी ओळ असेल तर येथील शिक्षकाला मुलाला कोठे बसवावे, कोणते पुस्तक द्यावे, हे पहिल्याच दिवशी समजते. ती नसली की मुलाची पातळी समजून घेण्यातच दिवस जातात आणि तोवर टोळीचा अड्डा कधी कधी हललेलाही असतो.

संच देताना शाळेची उत्तम पुस्तके न देता छापील पुस्तिका द्याव्यात, आणि त्या परत आल्या नाहीत तरी चालेल असे मुलीला स्पष्ट सांगावे. कोपीत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत, पाणी शिरते, धूर असतो, सामान वारंवार हलते. पुस्तक जपण्याची धास्ती असेल तर मुलगी पिशवी उघडणारच नाही. चार कागदांच्या पुस्तिकेची शाळेला चिंता नसते आणि मुलीलाही नसते.

फोनविषयी सांगायचे तर तो दिवसभर फडात, म्हणजे ऊसतोडीच्या शेतात, असतो, रात्री येतो तेव्हा त्याची बॅटरी संपत आलेली असते, आणि अड्ड्यावर वीज असेलच असे नाही. त्यामुळे चित्रफिती पाठवू नयेत. तीन-चार मिनिटांची, कमी आकाराची ध्वनिफीत पाठवावी, आणि ती मुलीच्या पिशवीत असलेल्या पुस्तिकेचीच असावी. तुमचा ओळखीचा आवाज, पान उलटण्यापूर्वी थोडे थांबणे, ‘आता दुसरे पान काढ’ असे सांगणे, एवढे पुरते. भाऊ मांडीवर असला तरी मुलगी पुस्तिका समोर ठेवून ते ऐकू शकते. फोन मुकादमाचा, म्हणजे टोळीप्रमुखाचा, असेल तर आईच्या संमतीने आणि मुकादमाशी आधी बोलूनच फिती पाठवाव्यात, नाहीतर त्या तशाच पुसल्या जातात.

टोळी कोणत्या कारखान्याकडे निघाली आहे ते निघण्याच्या आठवड्यातच मुकादमाकडून लिहून घ्या आणि तेथील केंद्रप्रमुखांना दूरध्वनी करा. आमच्या शाळेच्या वाचनालयात त्या मुलांच्या नावाने खाते उघडायला आम्हाला कोणतीही अडचण नाही. त्यांची नावे आणि पातळी वेळेत कळावी, एवढेच हवे आहे.